मुख्य नाव

विद्यापीठात प्रबंध लिहिणारे पुष्कळ, वाचणारे बेताचे, आणि लिहिलेलं शोधणाऱ्याला सापडावं म्हणून धडपडणारे एकटे हिंदुराव नरसाळे. सोलापुरात ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसून ते प्रत्येक प्रबंधाची, लेखाची संगणकावर नोंद करतात. विषय, वर्ष, मार्गदर्शक, संशोधकाचं नाव. नावांचा घोळ निस्तरण्यात तर त्यांचा हातखंडा. एकच बाई आधी वडिलांचं नाव लावते, मग नवऱ्याचं. हिंदुराव सगळी नावं एका नोंदीत आणतात आणि मुख्य कोणतं ठेवायचं, हे जिचं तिला फोन करून विचारतात. नियमच तसा आहे. बायको, वच्छला, गेल्यापासून त्यांचं माणसांशी बोलणं होतं ते एवढंच.

परवा एक लेख आला. अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यांत राबणाऱ्या बायकांवरचा. लेखिका, अपेक्षा वच्छला.

हिंदुरावांनी चष्मा काढून पुसला. याच विषयावरचा अपेक्षा हिंदुराव नरसाळे हिचा प्रबंध त्यांनी स्वतःच्या हातानं चढवला होता. लेक त्यांचीच. जगाच्या लेकींचे प्रबंध जपणाऱ्या या माणसानं गावाकडं, करकंबच्या घरात तिला मात्र सुनावलं होतं, बारावी झाली, बास. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! वच्छलानं शिलाई करून तिला शिकवलं. आई गेली आणि लेकीनं बापाशी बोलणं टाकलं.

न विचारता आपलंच नाव वर ठेवलं असतं, तर बघायला कोण येणार होतं? हिंदुरावांचा हात कळफलकावर बराच वेळ घुटमळला. मग त्यांनी फोन लावला. विद्यापीठातून बोलतोय म्हणाले, काम सांगितलं, मुख्य नाव कोणतं ठेवू ते विचारलं.

"आईचं ठेवा, आबा," अपेक्षा म्हणाली. "पण तुमचं पुसू नका."

"न्हाय पुसत."

जेवलीस का, एवढं तरी विचारायचं होतं. तोवर फोन बंद झाला होता. हिंदुरावांना त्या खोलीत कधी नव्हे इतकं एकटं वाटलं.

त्यांनी वच्छलाचं नाव वर घेतलं, आपलं खाली, 'इतर नावे' या रकान्यात. नोंद नीट लागली का बघायला शोधाच्या चौकटीत स्वतःचं नाव टाकलं. लेक लगेच सापडली.

आता रोज कामाला बसण्याआधी ते तेवढं एकदा करून बघतात.