फटफटीच्या चित्रावर

मावशी आधी हाताची मागची बाजू लावून बघायच्या. तापलेल्या पोरीच्या कपाळाला, पेजेच्या पातेल्याला आणि गवत कापायच्या मशीनच्या बॅटरीलाही. मग मान हलवून म्हणायच्या, "सोसल तवढाच द्यायचा." औषध असो, जेवण असो की वीज, त्यांचा नियम एकच होता.

सूर्यमाळच्या बाजूला आमची मुलींची निवासी शाळा. मावशी तिथल्या वसतिगृहात कामाठी होत्या. कामाठी म्हणजे झाडणारी, पाणी भरणारी, आजारी पोरीच्या उशाशी बसणारी, थोडक्यात दुसऱ्या कुणाच्या वाटणीला न आलेलं सगळं काम करणारी बाई. अशी बाई तुमच्याही शाळेत असेल. तिचं आडनाव आठवतंय का बघा, मला तर मावशींचं बरीच वर्षं ठाऊक नव्हतं.

मी साखरशेतचा, शेतकऱ्याच्या घरातला. पण मराठीचा शिक्षक होऊन तिथे गेलो तेव्हा अंगात जरा ताठा होताच. एकदा मावशी म्हणाल्या, "गुरुजी, गवत लय वाढला." मी लगेच सुधारलं, "वाढलं म्हणायचं, मावशी." त्या म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकात वाढलं, आमच्याकडं वाढला. कापायचा तर हायेच ना?" त्यानंतर मी त्यांचं व्याकरण तपासायच्या भानगडीत पडलो नाही.

गवताशी त्यांचं उभं वैर. वसतिगृह आणि न्हाणीघरं यांच्यामध्ये मोकळं मैदान आहे. पावसाळ्यात तिथे गवत माजायचं आणि पोरींना दिवस उगवायच्या आत त्यातूनच जावं लागायचं. साप हा शब्द मावशी कधी तोंडातून काढत नसत. 'लांबडा' म्हणायच्या, तेसुद्धा आवाज खाली आणून, जणू तो उंबऱ्याशी बसून ऐकतोय.

एकदा तांदूळ निवडता निवडता त्या आपणहून बोलल्या. "माझी पोरगी चौथीत होती. घराच्या मागं गवतात गेली. जीप येईपर्यंत होती." मग त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला आणि पुढे निवडू लागल्या.

त्या दिवसापासून मला कळलं, की ही बाई विळा घेऊन मैदानात का बसते. आपल्या नजरेखालच्या एकाही पोरीचा पाय गवतात अडकू नये, एवढीच तिची धडपड होती. बाकी पगार, रजा, मानपान, कशाबद्दल मी तिला कधी भांडताना पाहिलं नाही.

मग मशीन आलं. ठाण्याच्या एका कुटुंबाने आपल्या बंगल्यातलं जुनं मशीन शाळेला देऊन टाकलं. खाली पातं, वर दांडा, पोटात काळी बॅटरी. पहिल्या दिवशी मशीन सुरू झालं तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या आणि मावशींनी त्याला हळदकुंकू लावलं. एकाच दुपारी अर्धं मैदान साफ झालं. मावशी दांडा धरून मागे चालत होत्या. इतक्या खुशीत मी त्यांना क्वचितच पाहिलं असेल.

मशीनबरोबरचा चार्जर मात्र बिघडलेला निघाला. मोखाड्याच्या बाजारातून दुसरा आणला. त्यावर एक गोल खटका आणि तीन चित्रं होती. मोटारसायकल, मोटार आणि ट्रक. खटका कुठे लावायचा, यावर वसतिगृहाच्या ओट्यावर आमची सभा भरली. मावशींनी मशीनला एक फेरी मारली, चाकं मोजली आणि निकाल दिला, "चार चाकं. म्हंजे जीप." विज्ञानाचे सर होते, मुख्याध्यापक होते, मी होतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. ट्रक म्हणावं इतकं मशीन मोठं नव्हतं आणि फटफटीला चार चाकं नसतात. आम्हाला तर हा मोठाच शोध लागल्यासारखं वाटलं.

संध्याकाळपर्यंत बॅटरीच्या दोन्ही कडा फुगल्या आणि आंबूस उग्र वास सुटला. मावशींनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. मी वायर काढली. कुणी त्यांना शब्दानेही बोललं नाही, तरी त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "मी जास्त भरवला तिला," म्हणाल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत, असं पोरींनी मला सांगितलं.

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं ती फुगलेली बॅटरी गोणपाटात गुंडाळून जीपने मोखाड्याला गेलो. दुकानदार हसला, पण चांगला माणूस होता. "मावशी, चाकं नाय बघायची, बॅटरी बघायची. ही केवढुशी! फटफटीच्या चित्रावर लावा, हळूहळू भरेल. जीपचा जोर हिला कसा झेपेल?" मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे पोट बघायचा." दुकानदार म्हणाला, "हां, पोट."

मुख्याध्यापकांनी खटपट करून दुसरी बॅटरी मिळवली. तेव्हापासून खटका फटफटीच्या चित्रावरून हलला नाही. मावशींनी त्या चित्राला कुंकवाचं बोट लावून ठेवलं होतं.

पण हळूहळू भरायचं तर वीज टिकायला हवी, आणि आमच्याकडे पावसात वीज टिकत नाही. गेल्या वर्षी गौरीगणपतीच्या सुट्टीत पोरी आपापल्या पाड्यांवर गेल्या होत्या. इकडे तारा तुटल्या आणि सुट्टीभर अंधार. गवत पुन्हा तरारलं. पोरी परत यायच्या आदल्या दिवशी दुपारी कुठे वीज आली. नव्या अधीक्षिकाबाई काळजीने म्हणाल्या, "मावशी, आजच्या दिवस जीपवर लावा. उद्या मुली येतायत. वीज परत गेली तर?"

मी तिथेच होतो. मावशींचा हात खटक्यावर होता. त्यांनी मैदानाकडे पाहिलं. गवत वाऱ्याने हलत होतं आणि ते कशाने हलतंय हे त्या उगाच निरखत होत्या. पोरगी गमावलेल्या बाईला घाई काय असते ते आपण सांगायला नको. त्या वेळी त्यांनी खटका फिरवला असता तर मी अडवलं नसतं. पण त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नाय बाई. आजचा भागंल, मग उरलेला पाऊस काय करू?" खटका फटफटीवरच राहिला.

व्हायचं तेच झालं. वीज पुन्हा गेली, बॅटरी अर्धवट भरली. सकाळी मावशींनी आधी वसतिगृहापासून न्हाणीघरापर्यंतची वाट कापली, मग विहिरीची. तिथे मशीन बंद पडलं. उरलेल्यात त्या विळा घेऊन बसल्या. तेव्हा त्यांना दम लागायला लागला होता. चार हात कापायच्या की थांबायच्या. अधीक्षिकाबाई पदर खोचून त्यांच्या शेजारी बसल्या, मीही बसलो. आम्हा दोघांचं काम बघून मावशी म्हणाल्या, "तुमी दोघा गवत कापता का त्याचे केस विंचरता?" पोरींच्या जीपा आल्या तेव्हा मैदान साफ होतं आणि मावशी घामाने निथळत त्यांच्या पिशव्या उतरवून घेत होत्या.

त्या पावसाळ्यात ती बॅटरी शेवटपर्यंत पुरली. मावशी होत्या तोवर आमच्या एकाही पोरीला काही झालं नाही. जे घडलं नाही त्याची नोंद कोण ठेवतो? म्हणून मी ती इथे करतो आहे.

उन्हाळ्यात त्या पाड्यावर गेल्या. दमा वाढला होता. निरोप आला तेव्हा सगळं संपलं होतं. मी भेटायला गेलो तर त्यांचे यजमान दारात बसले होते. म्हणाले, "तुमची याद काढायची. गुरुजींना सांगा, पाऊस लागायच्या आत मशीन भरा, असा बोलत होती." मला रडू आवरलं नाही. त्यांनी उठून मला पाणी दिलं.

यंदा गवत मी कापतो. रविवारी, पोरी वेण्या घालत असतात तेव्हा. परवा कापून झालं आणि दांडा भिंतीला टेकवत होतो. पहिलीतली एक नवी पोर मैदानाच्या मधोमध आली. पायात काटा रुतला असावा. ती तिथेच जमिनीवर फतकल मारून बसली, पाय मांडीवर घेतला आणि गाणं गुणगुणत काटा शोधू लागली. ऊठ म्हणून ओरडायला मी तोंड उघडलं. मग आजूबाजूला पाहिलं आणि तिला बसू दिलं.