पांढऱ्या तुऱ्यांवरचा थर

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात, रंगकामावर काचेसारखा थर द्यायला ओततात त्या, मिसळलेल्या रेझिनचा डबा होता. हार्डनर पडला की ते कुणासाठी थांबत नाही, डब्यातच घट्ट होतं. समोर टेबलाची फळी, आणि तिच्यावर दिनकरनंच रंगवलेलं उसाचं शेत, पांढरे तुरे आलेलं. मी ओतत राहिलो. बुडबुड्यांवरून बर्नरची आच फिरवली, धूळ बसू नये म्हणून वर खोकं झाकलं आणि मगच मिरजेच्या दवाखान्यात गेलो. लोक म्हणाले, मित्राचं शेवटचं काम जपलंत. खरं सांगायचं तर ओतताना मनात आलं होतं, आता यापुढं तरी हा काही रंगवणार नाही…

साताऱ्यात आम्ही एकाच शाळेत होतो. चित्रकलेच्या तासाला त्याचं झाड वाऱ्यानं हलायचं, माझं नुसतं उभं असायचं. पुढं सांगलीत तो टेबलं, पाट्या, देवघराची दारं रंगवायला लागला आणि मी त्यांवर पारदर्शक थर द्यायला लागलो. माझं काम असं, की चांगलं झालं तर दिसतच नाही. बुडबुडा राहिला, पावसाळी हवेत थर दुधाळ झाला, तरच लोकांना माझी आठवण. एकदा विट्याचे, सोनं-चांदी गाळायचा धंदा असलेले एक गलाईवाले शेठ टेबल न्यायला आले. थरावरून हात फिरवत म्हणाले, "दिनकरराव, काय गुळगुळीत हात हाय तुमचा." तो हसला. "आवं, तुमी हात फिरवताय ते ह्याचं काम. मी रंगवतो आन ह्यो बरणीत घालतो, लोणच्यागत." सगळे हसले, मीही हसलो. तो असं कौतुक वाटून द्यायचा आणि मला तेच जास्त लागायचं. वाईट माणूस असता तर हेवा करणं सोपं गेलं असतं.

उसाच्या तुऱ्यांचं ते टेबल त्यानं बायकोसाठी, सुमनवहिनींसाठी रंगवलं होतं. दिवसकार्य उरकल्यावर मी ते घरी पोचवलं. वहिनी पदरानं पुसत म्हणाल्या, "भाऊजी, खिडकीपाशी ठिवू का? उजेडात तुरं लय खुलत्यात." खिडकी पश्चिमेची. रोजच्या उन्हानं हा थर पिवळा पडतो, हे त्या घरात मला एकट्यालाच ठाऊक. काही वर्षांत तुरे मळकट दिसले असते, आणि लोक म्हणाले असते, दिनकरचा रंग टिकला नाही.

"ठिवा की," मी म्हणालो.

चहा घेऊन निघालो. कृष्णेच्या पुलापर्यंत गाडी गेली आणि पुढं जाईना म्हणण्यापेक्षा मीच नेईना. पिवळा पडणार होता तो माझा थर. आयुष्यात पहिल्यांदा माझं काम लोकांना दिसणार होतं, आणि तेही त्याच्या नावावर… परत फिरलो.

"काय इसरलं का, भाऊजी?"

"टेबल आत घेऊ. उन्हानं थर पिवळा पडतो."

वहिनी दारातच उभ्या राहिल्या. "मग मगाशी का न्हाई बोलला?"

"दिनकरचं पांढरं मला बघवत न्हवतं, वहिनी."

त्या आत वळल्या. मग टेबलाची एक बाजू धरली आणि म्हणाल्या, "उचला तिकडनं."

आता ते आतल्या भिंतीशी असतं. मी गेलो की वहिनी त्यावर चहा ठेवतात, खाली जाड कापड घालून. गरम कप थरावर टेकवू नये, हे मीच सांगितलंय. चहा पिताना नजर खाली जाते. तुरे अजून पांढरे आहेत, आणि मी अजून जळतो.