ठोका यायच्या आधी

रविवारी सकाळी पाव आणायला गेलो, तर गल्लीतल्या बेकरीत पोरं नाचत होती. टेबलं भिंतीला सरकवलेली, खारी-बिस्किटांच्या बरण्यांशेजारी डीजेचं यंत्र आणि नाचणाऱ्यांच्या हातांत कॉफीचे कप. सकाळी कॉफी पीत नाचायची ही नवी टूम, कुणीही यावं आणि सामील व्हावं. छातीत धडधडणारं हे संगीत ऐकलं की मला कानात बोळे घालावेसे वाटतात. पाव घेऊन मी निघणार, एवढ्यात गाण्यातला ठोका थांबला. नुसता एक सूर वर वर चढत राहिला. सगळ्यांनी हात उंचावले आणि तसेच उभे राहिले.

"बिघडलं का?" मी शेजारच्या मुलीला विचारलं.

"नाही काका. थांबा, आता येईल."

या पिढीला धीर नाही, असं मी घरी उठता-बसता म्हणतो. आणि इथे, एकमेकांशी धड ओळखही नसलेली ही मुलं श्वास रोखून एकाच ठोक्याची वाट बघत होती. तो येणारच, याबद्दल एकाही चेहऱ्यावर शंका नव्हती. इतक्या खात्रीने मी कशाची वाट पाहिली, त्याला किती वर्षं झाली, आठवेना.

मग ठोका आला. फरशी हादरली, सगळे एकदम उसळले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, माझाही हात वर होता, पावाच्या पिशवीसकट.