सुनंदाताई आणि माउसचा हरवलेला बाण

कॉम्प्युटर बिघडला की सुनंदाताई आधी दोन्ही हात मांडीवर ठेवायच्या आणि नुसत्या बघत राहायच्या. शहापुरात त्यांचं फॉर्म भरून देण्याचं छोटंसं केंद्र होतं. तिथल्या तिन्ही जुन्या मशीनवर त्यांनी स्वतः विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स घातलं होतं. कुणी घाबरून बटणं बडवायला लागलं की म्हणायच्या, “मारू नको गो त्याला. काय झालाय ता आधी बघ.”

माझ्या नर्सिंगच्या फॉर्मचा तो शेवटचा दिवस होता. पाचला मुदत संपणार होती. शेणव्याहून मी सकाळीच आले होते, पण वेबसाइट उघडली ती चार वाजता. शेवटच्या पानावर आले आणि माउसचा बाण नाहीसा झाला. माउस हलवला की पडद्यावरची बटणं उजळत होती. म्हणजे बाण होता, फक्त दिसत नव्हता. मी अंदाजाने दाबलं, तर भलतंच कॉलेज निवडलं गेलं.

“ताई, बंद करून चालू करू?”

“नाय! भरलेला सगला जाईल.”

त्यांनी दुसरा माउस लावून पाहिला. बाण नाहीच. कीबोर्डने पुढे जायला पाहिलं, तर कॉलेजची यादी उघडेना. पाचला वीस मिनिटं राहिली.

“याच्या मागं दुसरी खोली हाय,” ताई पडद्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. “तिथं जाऊन परत येऊ. मंग बाण नव्याने काढील तो.”

त्यांनी कीबोर्डवरची तीन बटणं एकदम दाबली. पडदा काळा झाला. वर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ.

“गेला! माझा फॉर्म गेला!” मी ओरडलेच.

“गेला नाय. हाय तिथंच हाय.” आवाज अगदी रोजचा.

पुन्हा तीन बटणं. क्षणभर काहीच नाही. मग फॉर्म जसाच्या तसा आला, आणि मधोमध बाण! कॉलेज दुरुस्त करून आठ मिनिटं बाकी असताना मी फॉर्म पाठवला.

ताई बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. पाणी पिताना पेला दातांवर वाजत होता.

“खरा सांगू? फॉर्म परत येल का नाय, मला पन ठाव नव्हता. पन तुला सांगितला असता तर तू तिथंच बसली असतीस रडत.”

गेल्या वर्षी ताई वारल्या. निरोप आला तेव्हा मी मुरबाडच्या दवाखान्यात ड्युटीवर होते. सलाइन लावताना एका आजोबांनी विचारलं, “पोरी, मी वाचंन ना?”

मला माहीत नव्हतं.

“वाचणार, आजोबा,” मी म्हणाले. आवाज हलू दिला नाही.