एका घरामागे एकदाच

न्युरेम्बर्गला आल्यापासून टूथपेस्ट, कॉफी, भांड्यांच्या मशीनच्या गोळ्या, यातलं काहीही आम्ही आवडलं म्हणून घेतलेलं नाही. पाकिटावर ‘पैसे परत’ असा गोल शिक्का दिसला की नवरा ती वस्तू उचलायचा. घरी येऊन कासनबॉनचा, म्हणजे दुकानाच्या पावतीचा फोटो काढायचा, कंपनीच्या साइटवर चढवायचा, नाव, पत्ता आणि बँकेचा नंबर भरायचा. थोड्या दिवसांत पैसे खात्यावर. फुकट ते पौष्टिक म्हणत त्याने एकदा मांजराच्या खाण्याचं पाकीटही आणलं. आमच्याकडे मांजर नाही.

नियम पक्का होता: एका घरामागे एकदाच. आणि तोच मोडायची आम्हाला भारी खुमखुमी. लग्नानंतर मी नाव बदललं नाही, पासपोर्टवर माहेरचंच आडनाव आहे. नवऱ्याला वाटायचं, दोन आडनावं म्हणजे दोन घरं, कुणाला काय कळतंय! तो त्याच्या नावाने अर्ज करायचा, मी माझ्या. त्याचे पैसे यायचे आणि मला दर वेळी तेच उत्तर: आपल्या घरातून आधीच एक अर्ज आलेला आहे, क्षमस्व. पत्ता एकच ना! जर्मनांना शेंडी लावायला निघालेले आम्ही दोघं मग सोफ्यावर बसून हसत सुटायचो.

मग त्याला रेल्वेने काही तासांवरच्या एश्बॉर्नला नोकरी लागली. तिथे खोली घेतो, शनिवार-रविवार घरी येईन म्हणाला. आधी दर आठवड्याला आला, मग एकाआड एक, मग रेल्वेचा संप, मग डेडलाइन, मग सर्दी. भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर बरं, भांडायला मी खमकी आहे. पुण्याहून सासूबाई विचारायच्या, तो नीट जेवतो ना गं, आणि मी ‘हो आई’ म्हणायचे, जसा काही तो आतल्या खोलीत बसलाय. त्याला मात्र सरळ विचारायची छाती होत नव्हती, की बाबा रे, तू परत येणार आहेस का? खालच्या टपालपेटीवर अजून दोघांची नावं होती. तेवढ्यावर मी तग धरून होते.

हिवाळ्यात एका कॉफीवर पैसे परत मिळत होते. रविवारच्या फोनवर बोलायला काही उरलं नाही, तेव्हा मी तो विषय काढला.

“मी केलं की ते. पैसे पण आले,” तो म्हणाला. “तूही करून टाक.”

फोन ठेवला आणि मला इतकं हलकं वाटलं! त्याने केलं म्हणजे या घराचं झालं. आता मी अर्ज केला की नकार येणार, आणि नकार आला म्हणजे त्याचा पत्ता अजून हाच. वेडेपणा होता, कळत होतं मला. पण जे त्याला विचारता येत नव्हतं, ते कॉफीवाल्यांना विचारायला काय हरकत होती? दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना पाकीट घेतलं. पावती टेबलावर नीट सपाट करून फोटो काढला. आडनाव माहेरचं, पत्ता आमचा.

मग रोज उठून मेल बघायचे. नकाराची एवढी वाट कुणी पाहिली नसेल.

उत्तर आलं तेव्हा मी ट्राममध्ये होते. अभिनंदन, आपला अर्ज मंजूर झाला आहे. मी खालपर्यंत वाचलं, परत वरून वाचलं. ‘आधीच एक अर्ज’ कुठेच नव्हतं. तूही करून टाक, किती सहज म्हणाला होता. त्याला माहीत होतं, या वेळी नकार येणार नाही. भर ट्राममध्ये रडले मी. माझा स्टॉप गेला, त्याच्या पुढचाही गेला.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला, झालं का गं कॉफीचं?

“हो,” मी लिहिलं. “दोघांचेही अर्ज मंजूर झाले. पहिल्यांदाच.”