पुसायचं नाही

आमच्या लालबागच्या चाळीमागचं गोदाम पाडून तिथे काँक्रीट कालवण्याचा कारखाना सुरू झाला, तेव्हा फाटकावर ‘शहराच्या प्रगतीसाठी’ असा फलक लागला. प्रगती रोज सकाळी आमच्या खिडकीच्या कठड्यावर करड्या थराने बसू लागली. बायको ती दिवसातून चारदा ओल्या फडक्याने पुसायची. तिला दमा आहे. वर्षभरात औषधाच्या वाफेचं यंत्र कपाटातून पलंगाशेजारी आलं आणि तिथेच राहिलं.

तक्रारअर्जाचं काम माझ्याकडे आलं. कचेरीत आयुष्यभर मी मसुदेच लिहिले. मी ‘पर्यावरणाचा समतोल’ वगैरे सुरुवात केली. शेजारच्या चाळीतल्या वकील मुलीने वाचलं आणि खोडलं.

“काका, समतोलाला धाप लागत नाही, काकूंना लागते. कलम एकवीस लिहा. जगण्याचा हक्क. स्वच्छ हवा त्यातच येते, कोर्टांनी कितीदा सांगितलंय.”

आमच्या घरात संविधान सव्वीस जानेवारीच्या भाषणापुरतं यायचं. तिच्या घरात ते रोजच्या वापरातलं होतं. मी निमूटपणे पुन्हा लिहिलं.

पाहणीला प्रदूषण मंडळाचे साहेब येणार असल्याचं पत्र आलं आणि तिथे आम्ही माती खाल्ली. मोठा माणूस येणार म्हटल्यावर चाळीत जे होतं तेच झालं. चाळ समितीच्या अध्यक्षांनी पाइप लावून जिने आणि गॅलऱ्या धुऊन घेतल्या, रस्त्यावर पाणी मारलं. दारोदार रांगोळ्या आल्या. बायकोने कठडा दोनदा पुसून वर विणलेला रुमाल घातला. मीही तिला अडवलं नाही. मी स्वागताचं भाषण लिहीत होतो.

कारखाना त्या दिवशी बंद होता. पत्र त्यांनाही गेलं असावं.

साहेबांनी रुमाल उचलून कठड्यावर बोट फिरवलं, बोट पाहिलं. “चाळ छान ठेवलीय हो.”

“एकी आहे साहेब आमच्यात,” अध्यक्ष लाजत म्हणाले आणि साहेबांच्या खांद्यावर शाल घातली.

अहवालात एक ओळ आली : पाहणीवेळी धूळ आढळली नाही.

“पुरावा धुऊन काढलात, काका,” वकील मुलगी म्हणाली. “वर शाल दिलीत!”

“मग घाणीत बसवायचं होतं त्यांना?” बायकोने विचारलं. एवढ्या वाक्यात तिला दोनदा थांबावं लागलं.

दुसरा अर्ज गेलाय. या खेपेला न कळवता येतील म्हणे. तोवर काही पुसायचं नाही, थर दिसला पाहिजे. म्हणजे जगण्याचा हक्क मिळवायला तिने आधी त्या धुळीत जगून दाखवायचं. बहिणीकडे जाऊन राहा म्हटलं, तर म्हणाली, “मीच नसले तर हक्क कोणाचा सांगणार तुम्ही?”

आज सहावा दिवस. कठड्याचा रंग दिसत नाही. पदर नाकाशी धरून ती सकाळपासून तिकडेच बघत बसलीय. वाफ दोनदा घेऊन झाली.

“अहो, थोडंसं पुसू?”

मी ‘थांब’ म्हणालो.