सातारा ते सांगली, तेलाच्या एका डब्यासह

सगळं तेल मी एकाच डब्यात भरलं आणि तो डबा मोटारीच्या टपावर, कोळशाच्या पोत्यांवर आडवा ठेवला. पुढचं सारं त्यातूनच निघालं.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नव्हतं, रॉकेलला रांगा, आणि आमची साताऱ्याची मोटार कोळशावर चालायची. तिच्या पाठीला एक उंच लोखंडी भट्टी बांधलेली. तीत कोळसा धुमसायचा आणि त्याच्या गॅसवर मोटार जायची. जायची म्हणजे सपाटीला. मी तेलाची इंजिनं विकणाऱ्या एका पेढीचा माणूस. शिवाय गावोगाव ‘इंधन आणि सावधगिरी’ या विषयावर व्याख्यानंही झोडायचो. माझी सूत्रं तीन: सगळं तेल एका भांड्यात ठेवू नये, तेल आणि विस्तव शेजारी नांदवू नयेत, नवं साधन रुळेपर्यंत जुनं घालवू नये. टाळ्या बऱ्या पडत.

सांगलीच्या अलीकडे, कृष्णाकाठच्या एका गावी दिगूतात्यांच्या गुऱ्हाळावर आमचं इंजिन उसाचा चरक फिरवून दाखवणार होतं. इंजिन बैलगाडीनं आधीच पोचलं होतं. तेल मी न्यायचं होतं. वर मी एक निरोपही धाडला होता: ‘त्या दिवशी बैल दिसता कामा नयेत. इंजिनाच्या दारात बैल दिसले की गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो.’

अजिंक्यतारा मागे पडला, उंब्रजच्या अलीकडे चढ लागला, आणि रामभाऊ ड्रायव्हरनं गाडी उभी केली.

“उतरा समदी. ढकला.”

मी मागून खांदा लावला. कपाळावर काहीतरी ठिबकलं. मला वाटलं, घाम. आपला घाम इतका काळा आणि चिकट कसा, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एकमेकींच्या अंगावर जातात, आणि कुणाचं काही मोडत नाही. मला त्याचं नवल वाटलं, कारण आमची मोटार साध्या म्हशीसमोर आली तरी काहीतरी मोडायचं. काठावर बसून झुणका-भाकरी आणि हातानं फोडलेला कांदा खाल्ला. हातांना तेलाचा वास येत होता. तो मी झुणक्याच्या फोडणीवर ढकलला.

इस्लामपूरला रामभाऊनं टपावरचं एक पोतं ओढलं आणि भट्टीत रिकामं केलं. मी शेजारीच एका सहप्रवाशाला दुसरं सूत्र समजावत होतो. “तेल आणि विस्तव...” इथवर आलो, आणि भट्टीतून भडका उठला. रामभाऊनं लाथेनं झाकण पाडलं. माझ्या भुवया मात्र गेल्या.

“कोळसा भिजलाय कशानं?” रामभाऊनं हात हुंगला. “आरं, त्याल हाय ह्ये! कुणाचं?”

सगळी मोटार माझ्याकडे वळली. माझं कपाळ अजून चमकत होतं.

उरलेल्या वाटेला मोटारीनं काळ्या धुराच्या गुळण्या टाकल्या. मी गावात पोचलो तेव्हा उन्हं डोक्यावर होती आणि डब्यात तळाला लोटाभर तेल होतं. पहाटे तोडलेला ऊस गुऱ्हाळासमोर रचलेला. इंजिन बघायला आसपासच्या वाड्यांवरचे शेतकरी जमलेले. इंजिन फटफटलं, लोकांनी माना डोलावल्या, आणि चार मोळ्या गिळून ते गप्प झालं.

“बैल जोडू या,” मी म्हणालो.

“कुठली बैलं?” तात्यांनी विचारलं. “नदीपल्याड मेव्हण्याकडं धाडलीत. तुमीच सांगितलंसा न्हवं?”

काहिलीशी (रस आटवायच्या मोठ्या कढईशी) बसलेला गुळव्या उसाकडे बघत म्हणाला, “आज गाळला न्हाई तर ह्याची ढेप बसत न्हाई, तात्या. समदी काकवी (पातळ गूळ) हुईल.”

तात्यांची या सालातली ही पहिली तोड होती. त्यांनी मेव्हण्याकडे माणूस पिटाळला, जुन्या बैलचरकावरचा पाला ओढून काढला, पागोटं खुंटीला लावलं आणि लांब दांड्याला छाती लावली.

“या, पावनं. बैलांची जागा मोकळीच हाय.”

मग मी गोल फिरलो. तात्या पुढे, मी मागे, मध्ये दोन गिऱ्हाइकं. धोतर पिंडऱ्यांत अडकत होतं, चिपाडं तळव्यांना टोचत होती.

“झ्याक चालतंय की इंजान!” बांधावरून एकजण ओरडला.

“पितंय काय रं?”

“रस! पर थांबतंय लय!”

गुऱ्हाळावरून कुणाला कोरड्या तोंडानं जाऊ देत नाहीत, म्हणून तो रस मला मिळाला; एरवी मिळण्याजोगं मी काही केलं नव्हतं. दिवस कलताना बैल आले. माझ्याकडे त्यांनी जरा आपुलकीनं पाहिलं असं मला वाटलं. शेवटची मोळी गेली, गुळव्यानं काहील उतरवली, आणि ढेप बसली. पिवळीधमक.

तात्यांनी पळसाच्या पानावर कोमट गूळ माझ्या हातात ठेवला. “इंजान ऱ्हाऊ द्या. पर बैलं बी ऱ्हातील.”

दुसऱ्या दिवशी सांगलीहून येणारी तीच मोटार गाठली. झालेल्या प्रकारावर मी बराच विचार केला. माझी तिन्ही सूत्रं सुटी सुटी तपासली. एकातही खोट सापडली नाही. दोष डब्याच्या बुचाचा होता. तेव्हा चौथं सूत्र जोडायचं ठरवलं: बूच तपासावं. या शोधावर खूश होऊन मी मागच्या बाकावर, भट्टीला पाठ लावून बसलो.

रामभाऊनं वळून पाहिलं. “पावनं, हितं म्होरं या. भट्टीपासनं लांब.”

“अहो, पण डबा रिकामा आहे!”

“डब्याचं काय भ्या न्हाई वो,” तो म्हणाला. “तुमी हायसा न्हवं.”